भाकर होना

रमजानचा चाँद दिसला की दोन-चार दिवसांत माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे कुणी जुना बी.एड.चा सोबती असतो, कुणी प्रशिक्षणात भेटलेले मराठी शाळेतले गुरुजी असतात, एखाद्या बाई असतात. "सर, यंदा नेताय ना मोहम्मद अली रोडला?" मी नेतो. गेली बारा-तेरा वर्षं नेतोय. मिनारा मशिदीच्या गल्लीत मालपुवा कुठे खायचा, फिरनी मातीच्या वाटीतलीच का घ्यायची, सुलेमान उस्मान मिठाईवाल्याकडे (हे दुकान १९३६ पासूनचं) अफलातूनचा तुकडा घेताना किती घ्यायचा म्हणजे घरी जाईपर्यंत जड होत नाही, हे सगळं मी आता झोपेतही सांगू शकतो. बाई पहिल्या वर्षी पर्स छातीशी घट्ट धरून चालतात. दुसऱ्या वर्षी त्यांच्या बहिणीला घेऊन येतात. तिसऱ्या वर्षी मला न सांगताच जाऊन आलेल्या असतात आणि वर फोटो पाठवतात. मला त्याचा आनंदच आहे.

पण सगळे एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, तुमच्या लोकांचं अस्सल जेवण मिळेल असं एखादं जुनं हॉटेल सांगा ना." आणि मी नूर मोहम्मदीचं नाव सांगून मोकळा होतो. भेंडी बाजारातलं, १९२३ सालचं. नल्ली निहारी तिथे खावी. संजय दत्तच्या नावाची चिकनही तिथे मिळते आणि नवखे लोक तीच मागवतात, पण मी आपला नल्लीवरच थांबतो. आलेले लोक बोटं चाटतात, "वा सर, तुमचं जेवण म्हणजे जेवण" म्हणतात, आणि मी मान डोलावतो.

खरी गोष्ट अशी की निहारी मी पहिल्यांदा खाल्ली ती मुंबईत, वयाच्या बाविसाव्या वर्षी. आमच्या माण तालुक्यात निहारी नावाचं काही आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे न्याहारी असायची. सकाळची. तिच्यात शिळी भाकरी, तिखट आणि असलंच तर ताक.

'माझ्या लोकांचं जेवण' म्हणजे काय, हा प्रश्न मी वीस वर्षं असाच हसण्यावारी नेला. गेल्या हिवाळ्यात अम्मा आली आणि तो ताटातच येऊन बसला.

गावाकडे अंगणात पाय घसरून अम्मा पडली. उजवं मनगट मोडलं. तालुक्याला प्लास्टर घातलं ते नीट बसलं नाही म्हणून मी तिला मुंब्र्याला घेऊन आलो. इथे पुन्हा हाड बसवलं, पुन्हा प्लास्टर, आणि डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे. अम्मा सत्तरीची. तिचा हात एवढे दिवस रिकामा राहण्याची तिच्या आयुष्यातली ही पहिली वेळ असावी.

आमच्या घरात स्वयंपाक माझी बायको करते. ती मदनपुऱ्याची. तिचे आजोबा आझमगडहून मागावर काम करायला आले. तिच्या हातची रोटी अशी की हातात घेतली तर पलीकडचं दिसावं. कोरमा, तहरी, शामी कबाब, सगळ्यात हात बसलेला. फक्त भाकरी तिला येत नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिने माझ्यासाठी प्रयत्न केला होता. परातीत भाकरीचे सात तुकडे झाले, त्यातला एक तव्यावर पोहोचला. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून हा विषय बंद केला. नवरा-बायकोच्या संसारात असे दोन-चार विषय बंद असलेले बरे.

पहिला आठवडा अम्मा काही बोलली नाही. वाढलेलं थोडं खायची, थोडं ठेवायची. बायको शेजारी बसून रोटीचा घास करून तिच्या तोंडाजवळ न्यायची. "अम्मी, थोडा और लीजिए." आणि अम्मा म्हणायची, "नको बेटी, बस हुआ." डाव्या हाताने जेवायला ती तयार नव्हती. मी सांगितलं, मजबुरी आहे, अल्लाहला माहीत आहे. ती म्हणाली, "उसकू मालूम है रे, मेरे कू बी मालूम है ना." भात मात्र खायची. पण भाताने पोट भरतं हे तिला सत्तर वर्षांत कुणी पटवू शकलेलं नाही.

नवव्या-दहाव्या दिवशी मी शाळेतून आलो तर ती खिडकीशी बसलेली. मी विचारलं, अम्मा, काय खावंसं वाटतं ते सांग, मुंबई आहे ही, इथे सगळं मिळतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भाकर होना."

आमच्या दख्खनीत 'होना' म्हणजे पाहिजे. बायकोने मात्र तिच्या उर्दूप्रमाणे अर्थ लावला आणि मला हळूच विचारलं, "भाकर को क्या हो गया?"

इथे सगळं मिळतं, हे वाक्य मी बोलून गेलो होतो. आता ते खरं करणं भाग होतं.

मुंबईत जुनी, चांगली हॉटेलं शोधायचा मला नाद आहे. शिक्षकाच्या पगारात परवडणारा हा एकच नाद. त्यातून माझे काही आडाखे तयार झालेत. पाटीवर 'अस्सल', 'पारंपरिक', 'घरगुती' असं जितकं जास्त लिहिलेलं, तितकं ते कमी असतं. जिथे पदार्थ दहा-बारा आणि दुपारी अडीचला "संपलं" म्हणून सांगतात, तिथे बसावं. टेबलावर एकेकटे बसलेले म्हातारे न बोलता जेवत असतील तर निर्धास्त बसावं. माटुंग्याला रेल्वे स्टेशनसमोर जिन्याने वर गेलं की रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासून. केळीच्या पानावर वाढतात, मध्ये कुणी येऊन "रस्सम?" एवढंच विचारतं. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं, तिथला बेरी पुलाव इराणहून येणाऱ्या आंबटगोड बेरींचा. तिथले वृद्ध मालक बोमन कोहिनूर टेबलाटेबलाशी येऊन गप्पा मारायचे. ते २०१९ मध्ये गेले तेव्हा मला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं. धोबी तलावाजवळचं कयानी १९०४ चं. गिरगावच्या खोताच्या वाडीतलं अनंताश्रम मात्र आता नाही. ते बंद झालं हे मला तिथे जाऊन, बंद दार बघून कळलं.

आणि दादर. दादरशी माझं नातं जरा गुंतागुंतीचं आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठीही शिकवतो. एकदा धड्यात थालीपीठ हा शब्द आला. वर्गातल्या छत्तीस मुलांपैकी एकाने हात वर केला, "सर, थालीपीठ क्या होता है? थाली की पीठ?" वर्ग हसला. मी फळ्यावर भाजणीतली धान्यं लिहिली, तव्याला भोक कसं पाडतात तेही चुकून लिहिलं (थालीपिठाला म्हणायचं होतं), पण शब्दाने चव थोडीच कळते? ही मुलं नागपाडा, कामाठीपुरा, आग्रीपाड्यातली. दादर त्यांच्यापासून लोकलने पंधरा मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी मी दादरला उतरून सहा थालीपिठं बांधून घेतली आणि वर्गात छत्तीस तुकडे केले. एक पोरगा खाऊन म्हणाला, "सर, ये तो मसाला रोटी है. हमारी नानी बनाती है, जालनावाली." बाकीच्यांना लोणी आवडलं.

दादरला मी प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष घेतो. शिवसेना भवनासमोरच्या आस्वादमध्ये मिसळ. याच मिसळीला २०१५ साली लंडनच्या एका खाद्यस्पर्धेत जगातला सर्वांत चवदार शाकाहारी पदार्थ म्हणून निवडलं होतं. स्टेशनजवळचं मामा काण्यांचं उपाहारगृह १९१० चं आहे. शाकाहारी ठिकाणी आम्हाला एक सोय असते. काही विचारावं लागत नाही. बायको बुरख्यात असते, चार माना वळतात, मग आपापल्या वड्याकडे परत जातात. एक गंमत मात्र ठरलेली. मी मराठीत ऑर्डर देतो, वेटर हिंदीत उत्तर देतो. मी पुन्हा मराठीत बोलतो, तो पुन्हा हिंदीत. शेवटी शेजारच्या टेबलावरचे काका कौतुकाने म्हणतात, "तुमचं मराठी फार छान आहे हो!" वीस वर्षं मराठी शिकवून पोट भरतोय, छान नसेल तर नोकरी जाईल. पण मी आभार मानतो. काकांच्या मनात काही वाईट नसतं, हे मला कळतं. ते चांगल्या मनाने म्हणतात, हीच अडचण आहे.

तर भाकरी. मुस्लिम मोहल्ल्यात मी आधी शोधली. भेंडी बाजार, नळ बाजार, नागपाडा, मदनपुरा. खमिरी रोटी, तंदुरी, रुमाली, शीरमाल, लांबलचक नान, पाव, ब्रून. नागपाड्याच्या सर्वीत सीख कबाब, ज्या हॉटेलात मंटो येऊन बसत असं जुने लोक सांगतात. सगळं आहे. ज्वारीची भाकरी नाही. एका हॉटेलवाल्याने तर मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "भाई, हिंदू आयटम इधर किधर मिलेगा?"

भाकरी हिंदू आहे, ही मला नवी माहिती होती.

मग उलट बाजूने गेलो. परळ-लालबागच्या पट्ट्यात मालवणी आणि कोल्हापुरी खाणावळी आहेत. तिथे भाकरी आहे, तांदळाची आहे, ज्वारीचीही आहे, आणि शेजारी मटणाचा रस्सा आहे, अगदी आमच्या वळणाचा, खोबरं आणि कांदा भाजून वाटलेला, काळ्या तिखटाचा. वासानेच पाय थबकले. पण तिथे तो एक प्रश्न आला. तो विचारायला मला अजूनही जड जातं. गिऱ्हाइकांची गर्दी ओसरेपर्यंत मी थांबलो आणि गल्ल्याशी जाऊन हळू आवाजात म्हणालो, "मटण हलाल आहे का?"

गल्ल्यावरच्या मालकाने हातातल्या नोटा मोजणं थांबवलं. हल्ली या शब्दाला फार धार आलीय. हलालची सर्टिफिकेटं, झटक्याची सर्टिफिकेटं, टीव्हीवर त्यावरून भांडणं. मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार. तो म्हणाला, "मटण म्हणाल तर भायखळ्याच्या खाटकाकडून येतं, तो तुमचाच माणूस. ते खा बिनधास्त. कोंबडीचं मात्र मी सांगू शकत नाही, ती कधी इथून येते, कधी तिथून." इतकं सरळ उत्तर मला आमच्या मोहल्ल्यातही मिळालं नसतं. मी एक प्लेट मटण आणि चार भाकऱ्या बांधून घेतल्या. पण मुंब्र्याला पोहोचेपर्यंत तांदळाच्या भाकरीची चामडी झाली होती. घाईत मी ज्वारीची मागायची विसरलो होतो! अम्माने एक तुकडा चघळला आणि म्हणाली, "ये कोकन की है."

या प्रश्नावर जरा थांबतो, कारण घरी जाताना गाडीत मी त्याचाच विचार करत होतो. आमचं आडनाव मुलाणी. गावगाड्यात मुलाण्याचं काम काय, तर मशिदीची देखभाल आणि गावातलं बकरं हलाल करणं. फक्त मुसलमानांचं नव्हे. गावातल्या कुणाच्याही घरचं, जत्रेतलं, देवाला बोललेलंसुद्धा. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या पुस्तकात मुलाणा भेटतो तो असाच, गावाचा कामकरी म्हणून. माझे आजोबा सुरी घेऊन निघाले की पाटलाच्या वाड्यापासून सगळीकडे जायचे. बिस्मिल्ला म्हणून सुरी चालवायची, मानाचा वाटा घ्यायचा, परत यायचं. मुलाण्याचा हात लागल्याशिवाय मटण खायचं नाही, हा आमच्या गावातल्या मराठ्यांचाही रिवाज होता. त्यामुळे 'हलाल आहे का' हा प्रश्न आमच्या गावात कुणी कधी विचारलाच नाही. उत्तर माझ्या आजोबांच्या कमरेला होतं. त्यांचा नातू मुंबईत गल्ल्याशी उभा राहून तोच प्रश्न कुजबुजत विचारतो.

बडे अब्बांची आठवणही त्याच दिवशी आली. माझे सगळ्यात मोठे चुलते परळच्या एका गिरणीत होते. लालबागला आमच्या गावाची एक खोली होती. दहा-बारा जण पाळीप्रमाणे झोपायचे. जेवण मात्र समोरच्या चाळीत एका मावशींच्या खाणावळीत. अशा खाणावळी तेव्हा गिरणगावात घराघरांतून चालायच्या. बाई दोन वेळा दहा-पंधरा गिरणी कामगारांचं करायची आणि महिन्याच्या पगाराला हिशोब व्हायचा. प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि कामगारांबरोबर या चुलीही थंड पडत गेल्या. ज्यांचा पगारच बंद, त्यांचं खाणावळीचं बिल कुठून येणार? बडे अब्बा गावी परतले तेव्हा मावशींचे तीन महिन्यांचे पैसे द्यायचे राहिले होते. हे त्यांनी मरेपर्यंत दरवर्षी एकदा तरी बोलून दाखवलं.

त्या मावशींबद्दल ते दोन गोष्टी सांगायचे. एक, त्यांचं ताट आणि पेला वेगळा असायचा, मोरीच्या वरच्या फळीवर, आणि तो ते स्वतः धुवायचे. दोन, रमजानात मावशी रात्रीच जास्तीच्या दोन भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधून द्यायच्या, सहरीला. मागितल्याशिवाय. त्याचे पैसे हिशोबात धरायच्या नाहीत. बडे अब्बा दोन्ही गोष्टी एकाच सुरात, एकापाठोपाठ सांगायचे. मी कॉलेजात होतो तेव्हा चिडून म्हणालो होतो, वेगळ्या ताटात कसे जेवलात? ते म्हणाले, "भूक लगी थी." मी अजून त्या दोन गोष्टींची बेरीज करू शकलेलो नाही.

दुसऱ्या शनिवारी अर्धी शाळा. सुटल्यावर मी पुन्हा लालबागला गेलो, यावेळी हॉटेलं सोडून पोळी-भाजी केंद्रं बघत. चिवडा गल्लीच्या पुढे, मसाल्याच्या दुकानांमधून जाताना शिंका येतात, त्यातून एका गल्लीत वळलो आणि मला आवाज आला. भाकरी थापण्याचा आवाज ज्याने लहानपणी ऐकलाय त्याला तो बसच्या हॉर्नमधूनही ऐकू येतो. थप-थप, मग परात फिरवल्याचा घसारा, पुन्हा थप-थप.

दहा बाय बाराचा गाळा. दोन शेगड्या, दोन बायका थापतायत आणि पुढे एक पन्नाशीच्या बाई भाकऱ्या मोजून पुड्या बांधतायत. ज्वारी वीस रुपये, बाजरी बावीस. मी सहा ज्वारीच्या मागितल्या आणि माझ्या बोलण्यातलं काहीतरी त्यांच्या कानाला लागलं.

"कुठलं गाव?"

"माण."

"आता गं! आम्ही खटावचं. वडूज." आणि त्यांनी आतल्या बाईला ओरडून सांगितलं, "बघून दे गं, आपल्याकडचं हायती." मग पुडी बांधता बांधता, "नाव काय म्हणायचं?"

मी क्षणभर थांबलो. हे थांबणं माझ्या अंगवळणी पडलंय. घर भाड्याने बघताना, प्रवासात, नव्या ओळखीत. मग म्हणालो, "मुलाणी."

"मुलाणी का!" बाई म्हणाल्या. "आमच्या वस्तीवर मुलाणी तात्या यायचे. ते आल्याबिगर आमचं बकरं पडायचं न्हाई. आई कुणाकडं? हात मोडलाय? आगं बया! मग त्यांना पाया द्या, पायाचं पाणी. हाड लवकर धरतं."

हाड मोडल्यावर पाया द्या, हे डॉक्टर सोडून सगळ्यांनी सांगितलं होतं. मुंब्र्याच्या शेजारणीने, माझ्या सासूने, शाळेच्या शिपायाने. आता वडूजच्या बाईंनीही सांगितलं. मी भाकऱ्यांची पुडी बॅगेत, वह्यांच्या मध्ये ठेवली, म्हणजे ऊब राहील, आणि भेंडी बाजार गाठला. बोहरी मोहल्ल्यात सुरती बारा हंडी नावाचं दुकान आहे. ओट्यात बसवलेल्या बारा हंड्या, मंद आचेवर तासन् तास शिजणाऱ्या, प्रत्येकीत वेगळा प्रकार. पाया, नल्ली, पिचोटा आणि बाकीचे. देणारा माणूस एका हंडीतला रस्सा दुसऱ्यात अशा हिशोबाने घालतो की त्याच्या हाताकडे बघत राहावं. भोवतालचा मोहल्ला मात्र ओळखू येईनासा झालाय. २००९ मध्ये सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने साडेसोळा एकरांचा पुनर्विकास हाती घेतला, तेव्हापासून जुन्या चाळी एकेक करून जातायत आणि काचेचे मनोरे वर येतायत. मी पायाचं पार्सल घेतलं. दुकानदाराने नान किती विचारलं. मी म्हणालो, नान नको. त्याला ते काही पटलं नाही. "पाया खाली कैसे खाओगे, मास्टर?"

सँडहर्स्ट रोडहून धीमी गाडी पकडली. एका मांडीवर भाकऱ्या, एका मांडीवर पाया, आणि वह्या पायाशी. शेजारचा माणूस कुर्ल्यापर्यंत माझ्या बॅगेकडे बघत होता.

घरी आलो. बायकोने पाया गरम केला. मी भाकरी तव्यावर पाण्याचा हात फिरवून शेकली. बायको सवयीप्रमाणे अम्माशेजारी बसली, घास भरवायला. अम्माने तिला हाताने थांबवलं आणि मला म्हणाली, "कुस्कर."

मी थाळीत भाकरी कुस्करली. बारीक, लहानपणी ती आम्हाला कुस्करून द्यायची तशी. वर पायाचा रस्सा ओतला. अम्माने दोन मिनिटं भिजू दिलं. मग प्लास्टरातून बाहेर आलेली उजव्या हाताची चार बोटं आणि अंगठा थाळीत घातला, काल्याचा एक लहानसा घास जुळवला आणि स्वतः उचलून खाल्ला.

मला तेव्हा कळलं. इतके दिवस मी समजत होतो की म्हातारीला गावाची आठवण येतेय, तोंडाला चव नाही, म्हणून भाकरीचा हट्ट. तसं नव्हतंच. रोटी तोडायला बोटांत जोर लागतो, दुखऱ्या मनगटातून कळ येते. काला उचलायला जोर लागत नाही. तिला तीन आठवडे सुनेच्या हातून जेवावं लागत होतं आणि ते तिला नको होतं. तेवढंच. ती हे सांगणार नव्हती, कारण सांगितलं असतं तर सुनेला वाईट वाटलं असतं.

दीड भाकरी खाल्ली तिने. मग बोटं चाटली, "अल्हमदुलिल्लाह" म्हणाली, आणि मला विचारलं, "थापी किसने?" मी वडूजच्या बाईंचं सांगितलं. तिने उरलेली भाकरी उचलून दिव्याकडे धरली, कड चाचपली. "हाथ अच्छा है. पीठ जुना है."

बायकोनेही त्या रात्री भाकरी आणि पाया खाल्ला. तिला पाया आवडतोच, भाकरीबद्दल ती म्हणाली, "बुरी नहीं है." आझमगडहून एवढं प्रमाणपत्र पुष्कळ झालं.

पुढचे तीन आठवडे मी आठवड्यातून दोनदा लालबाग-भेंडी बाजार-मुंब्रा असा फेरा केला. पायाचा कंटाळा आला तेव्हा बायकोने कोरम्यात पाणी वाढवून, खोबरं वाटून घालून एक रस्सा केला. तो धड कोरमा नव्हता, धड कालवण नव्हतं, पण भाकरी त्यात नीट भिजत होती. आता आमच्याकडे तो होतो. त्याला अजून नाव नाही.

फेब्रुवारीत प्लास्टर निघालं. अम्मा म्हणाली, गावी जायच्या आधी त्या बाईला भेटायचं. मी चिंचपोकळीला उतरवून तिला हळूहळू चालवत नेलं. पहिली पाच मिनिटं दोघी एकमेकींना "बसा की", "नको, बस है" असं करत होत्या. मग अम्मा सरळ आत गेली, परातीतलं पीठ चिमटीत घेऊन चोळलं आणि म्हणाली, "ये दळून पंधरा दिन हुए." बाई म्हणाल्या, दहा दिवस. अम्मा म्हणाली, मग पाणी थंड घेता. बाई म्हणाल्या, गरमच घेते, पण गाळ्यात दोनशे भाकरीला किती वेळा पाणी उकळायचं? दोघींचा आवाज चढला. एक दख्खनीत, एक माणदेशीत, आणि कुणालाही कुणाचं काही समजावून सांगावं लागत नव्हतं. थापणाऱ्या बायकांनी हात थांबवले होते. मी बाहेर फळीवर बसलो. गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली, पावणेसातची गाडी गेली, मग सातचीही.

निघताना बाईंनी सहा भाकऱ्या बांधल्या आणि चारचेच पैसे घेतले. अम्मा गाडीत बसेपर्यंत काही बोलली नाही. दादर गेल्यावर म्हणाली, "दो भाकर का पैसा उसका बाकी है. मेरे मसाले में से आधा किलो ले जाके दे. आन भूलना नै, तेरे बडे अब्बा जैसा."

मसाला गावाहून परवाच आलाय. शनिवारी जायचं आहे.